झोपलेल्यांशीच बोलणारे सर

सरांचा विषय निघाला की लोक हसायला लागतात, आणि माझं डोकं फिरतं.

परवा त्यांच्या शोकसभेतही तेच झालं. इस्पितळाच्या वरच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या, फोटोला झेंडूचा हार घातला होता, आणि एकेक जण उठून सरांची नक्कल करत होता. सर टोपी भुवयांपर्यंत कशी ओढायचे, खिशातल्या भाजक्या शेंगा बोलता बोलता कशा सोलायचे, समोरच्याचं मनगट हातात धरून त्याची नाडी कशी बघत राहायचे. आणि मग सगळ्यांच्या आवडीची गोष्ट, म्हणजे सर झोपलेल्या पेशंटशी कसे गप्पा मारायचे. तिथं तर बायकांनी तोंडाला पदर लावले. शेवटी एक विश्वस्त उठून म्हणाले की थोडे विक्षिप्त होते, पण मनाने निर्मळ. मग माझ्याकडे बघून त्यांनी जाहीर केलं की सरांच्या पहिल्या विद्यार्थिनी आता दोन शब्द बोलतील. मी बसल्या जागेवरून नाही म्हणाले. दोन शब्दांत बसेल असं माझ्याकडे काही नव्हतं, आणि जे होतं ते हार घातलेल्या फोटोसमोर बोलायची पद्धत नाही. म्हणून इथं लिहिते.

सर भूल द्यायचे. आता त्याला मोठमोठे शब्द आले आहेत. तेव्हा सरळ ‘भुलीचे डॉक्टर’ म्हणायचे, आणि लोकांच्या हिशेबी तो खरा डॉक्टरच नव्हे. पोट कापतो तो डॉक्टर, नाकावर रबर धरतो तो त्याचा मदतनीस. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. खेड्यांतून उठून आलेली माणसं सोलापुरात गिरण्यांवर, मागांवर लागली होती आणि दुखणं असह्य झालं की आमच्या धर्मादाय इस्पितळाच्या दारात येऊन बसत होती. ऑपरेशनं करायचे ते साहेब. इस्पितळ साहेबांच्या वडिलांनी काढलेलं, त्यामुळे साहेब सर्जनही होते आणि मालकही. हात चांगला होता त्यांचा, हे मान्य करायला हवं. राग आला म्हणून खोटं लिहायचं नाही, एवढं मी पाळते.

सर वेळापूरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. इंग्रजी पुस्तकं कोळून प्यायलेले, पण बोलणं शेवटपर्यंत गावाकडचंच. पेशंट टेबलावर आला की ते उशाशी स्टुलावर बसायचे आणि कानाशी वाकून त्याच्या भाषेत त्याला धीर द्यायचे. मागावरच्या तेलुगू बाईला ‘भयपडकम्मा’, अक्कलकोटच्या म्हातारीला ‘हेदरब्याडव्वा’, विजापूर वेशीतल्या एखाद्या चाचाला ‘डरो नक्को’. सगळ्याचा अर्थ एकच, घाबरू नका. त्यांचं कन्नड इतकं मोडकं होतं की माझ्यासारखीला, जिच्या घरी चूल कन्नडमध्ये पेटते, हसू आवरायचं नाही. पण म्हाताऱ्या शांत व्हायच्या.

इथपर्यंत कुणाला काही वावगं वाटणार नाही. गंमत पुढं होती. पेशंट झोपला, घशात नळी गेली, रबरी पिशवी दाबायला सुरुवात झाली, म्हणजे जिथं कुणीही गप्प बसेल, तिथून सरांचं बोलणं खरं सुरू व्हायचं.

“मामा, आता पोट उघडत्यात बरं का. तुमी निवांत ऱ्हावा,” ते झोपलेल्या माणसाला सांगायचे. थोडा वेळ गेला की पुन्हा, “साहेबांस्नी आज घाई झालीया, मामा. क्लबात जेवाण हाय त्यांचं. पर तुमचं पोट अजून सैल पडलं न्हाय. जरा दम धरला तर बरं हुईल.”

साहेब हातातली सुरी तशीच धरून उभे राहायचे. कपाळावरची शीर टोपीखालून दिसायची. पण बोलणार काय आणि कुणाला? सर त्यांच्याशी बोललेच नव्हते, मामांशी बोलत होते. मग साहेब दम धरायचे, पोट सैल पडायचं आणि ऑपरेशन पुढं सरकायचं.

यामागं एक कारण होतं आणि ते इस्पितळात सगळ्यांना ठाऊक होतं. मी तिथं जायच्या आधी कधीतरी एका ऑपरेशनात पेशंट निळा पडायला लागला आणि सर म्हणाले, साहेब, थांबा. साहेबांनी सगळ्यांदेखत त्यांना ऐकवलं, “तुमचं काम झोपवायचं. बोलायचं नाही.” त्या दिवसापासून सर साहेबांशी एक अक्षर बोलले नाहीत. नमस्कार नाही, ‘होय’ नाही, ‘नाही’सुद्धा नाही. जे सांगायचं ते टेबलावर झोपलेल्याला सांगायचं. साहेबांना गरज असेल तर त्यांनी ऐकावं. आणि साहेब ऐकायचे, कारण टेबलावर गेलेला पेशंट त्यांनाही नको होता.

आम्हाला ते शौर्य वाटायचं. कॅन्टीनमध्ये आम्ही ‘आज सर काय म्हणाले’ याची पारायणं करायचो. मालकाला मालकाच्याच थिएटरात असं सुनवणारा दुसरा माणूस मी तरी पाहिला नव्हता.

आता मी तिथं कशी पोचले ते सांगते. मी बी.एस्सी. झालेली, कुर्डुवाडीच्या एका शाळेत शास्त्र शिकवायची. कायम नोकरी. वडिलांचं चाटी गल्लीतलं कापडाचं दुकान बसत चाललं होतं आणि घर माझ्या पगारावर उभं होतं. अशात इस्पितळानं जाहिरात दिली. भुलीचे डॉक्टर मिळत नाहीत, म्हणून शास्त्राचे पदवीधर घेऊन त्यांना भुलीचे सहायक म्हणून तयार करणार, आणि परीक्षा पास होईल त्याला तिथंच जागा देणार. प्राणवायू तयार करायची कृती फळ्यावर लिहिण्यापेक्षा तो माणसाच्या छातीत भरणं मला कितीतरी मोठं वाटलं. मी शाळा सोडली. वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं, आई दोन्ही भाषांत रडली. शाळेतली माझी जागा लगेच दुसऱ्याला मिळाली, म्हणजे परतीची वाट बंद. ती परीक्षा आणि ती जागा, यावर मी सगळं लावून बसले होते.

माझ्याबरोबर आणखी एक जण निवडला गेला. मोडनिंबचा होता म्हणून त्याला सगळे मोडनिंबकरच म्हणायचे. हसरा, हाताचा चपळ, आणि मोठ्या माणसाला नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नसतं.

पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं होतं, सर यंत्र दाखवतील. सरांनी आम्हाला टेबलावर झोपवलं. आधी मला. साडीसकट पट्टे आवळले, तोंडावर काळ्या रबराचा मुखवटा धरला, त्यातून नुसती हवा सोडली, डोळ्यांवर मोठा दिवा लावला. आणि मग उशाशी उभं राहून ते वॉर्डबॉयशी कांद्याच्या भावावर बोलत राहिले. रबराचा वास, हलता न येणारे हात, उलटा दिसणारा त्यांचा चेहरा आणि वर कांदा. ओरडायच्या बेतात असताना त्यांनी पट्टे सोडले. मी पदर सारखा करत होते. सरांनी माझं मनगट धरलं, नाडी बघितली आणि म्हणाले, “कुणाला बांधशील तवा ही आठव.” मला इतका संताप आला होता की मी हात हिसकावून घेतला. मोडनिंबकराची पाळी आली तेव्हा तो पठ्ठ्या टेबलावर खरंच झोपून गेला आणि घोरायला लागला. सर त्याच्याकडे बराच वेळ बघत होते, आणि हसत नव्हते.

शिकवताना ते निर्दय होते. स्टुलावर पाठ टेकवायची नाही. पिशवी दाबताना खिडकीबाहेर बघितलं तर हातावर चापट. एकदा गिरणीचा भोंगा झाला आणि सवयीनं माझी नजर घड्याळाकडे गेली, तर म्हणाले, भोंगा गिरणीचा हाय, बाईची नाडी न्हवं. पण त्यांचे खरे नियम दोनच होते. पहिला, उसं सोडायचं नाही. उसं म्हणजे उशाकडची बाजू, पेशंटच्या डोक्याशी असलेली आपली जागा. आग लागली तरी तिथून उठायचं नाही, हाक मारायची, दुसऱ्याला धावू द्यायचं.

दुसरा नियम ऐकून आम्ही हसलो होतो. तो असा, की ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटचं घरचं नाव विचारून ठेवायचं. बाई असेल तर माहेरचं.

“कागदावरचं नाव सासरचं आस्तंय,” सर म्हणाले. “भूल उतरताना बाई सासरी येत न्हाय. आदी म्हायेरी जाती. तितनं बोलवायचं तिला.”

आपल्याकडे लग्नात बाईचं नाव बदलतात, हे आम्हाला काय नवीन होतं? पण त्याचा भुलीशी संबंध असेल हे कुणाच्या डोक्यात येणार. लवकरच मी ते डोळ्यांनी बघितलं. बार्शीकडची एक बाई ऑपरेशननंतर डोळेच उघडेना. श्वास नीट, नाडी नीट, पण हाकेला ओ नाही. सिस्टर ‘पार्वतीबाई, पार्वतीबाई’ करून दमल्या. साहेबांनी येऊन गालावर चापट्या मारल्या, दरडावून बघितलं. सर कोपऱ्यात हात धूत होते. ते ओल्या हातानं आले, कानाशी वाकले आणि म्हणाले, “चंपे, ऊठ गं. म्हशी सुटल्या.” बाईनं डोळे मिटल्या मिटल्या उत्तर दिलं, “आले.”

शोकसभेत ही गोष्ट सांगितलीच कुणीतरी. म्हशींवर तर टाळ्या पडल्या.

सासूसमोर बाई माहेरचं नाव सांगत नाही, आणि पुरुषाला तर मुळीच नाही. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी आदल्या संध्याकाळी वॉर्डात जायची, सासूला गरम पाणी आणायला पिटाळायची आणि कॉटवर बसून विचारायची. बायका आधी लाजायच्या. मग कितीतरी दिवसांत कुणी न घेतलेलं ते नाव हळूच सांगायच्या, आणि एकदोघी तेवढ्यानंच रडल्या. मोडनिंबकराच्या पेशंटचीही नावं मीच विचारायची, कारण तो बाईमाणसाशी बोलायला गेला की कानापर्यंत लाल व्हायचा. सरांना हे माहीत होतं. “त्येला बी शिकू दे की,” असं ते म्हणायचे, पण नाव मिळतंय ना, मग सोडून द्यायचे.

पुढं विश्वस्तांनी दुसरं थिएटर बांधलं. फीत कापली, पेढे वाटले. भूल देणारा डॉक्टर मात्र एकच राहिला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. सरांच्या लेखी सहायक म्हणजे डॉक्टरच्या जोडीला बसणारा. साहेबांच्या लेखी सहायक म्हणजे डॉक्टरच्या जागी बसणारा. आम्हाला घेतलं होतं ते या दुसऱ्या टेबलासाठी. सरांना ते पहिल्यापासून कळलं असणार. एका झोपलेल्या अक्काला ते साहेबांदेखत सांगत होते, “ह्या पोरांस्नी मी शेजारी बसाया शिकवतोय, अक्का, आन् हितं त्यांस्नी एकल्यालाच गाडी हाकाया लावायचा इचार चाललाय.” अक्का झोपलेल्या होत्या. साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग तो दिवस आला. पहिल्या टेबलावर गळ्याच्या गाठीची एक काकी, उशाशी सर. साहेबांनी गाठ काढली, शिवायचं काम हाताखालच्या डॉक्टरवर सोपवलं आणि ते दुसऱ्या थिएटरात आले. तिथं हर्नियाचा एक म्हातारा टेबलावर आणि मी यंत्राशी. साहेब म्हणाले, सुरू करा.

मी म्हणाले की सर आल्याशिवाय मी सुरू करणार नाही.

“तुम्हाला येत नाही का?”

“येतं. पण एकटीनं करायचं नाही, असं शिकवलंय.”

म्हातारा एकदा माझ्याकडे, एकदा साहेबांकडे बघत होता. दोन्ही थिएटरांमधलं दार उघडं होतं. तिकडून सरांचा आवाज आला, “काकी, ऐकलं न्हवं? पोरगी बरोबर बोलली बगा.” सिस्टर हसू दाबायला मागं वळल्या. साहेबांनी हातमोजे काढून बादलीत फेकले आणि ते निघून गेले. म्हाताऱ्याचं ऑपरेशन सर मोकळे झाल्यावर झालं, नीट झालं.

त्या दुपारी जिन्यात सरांनी माझं मनगट धरलं. नाडी पळत होती, ती त्यांना लागलीच कळली. “भिऊ नगं,” ते म्हणाले, “परीक्षेला मी हाय की.” मी घरी येऊन आईला सांगितलं, जागा नक्की. वडील माझ्याशी पुन्हा बोलायला लागले ते त्याच दिवशी.

परीक्षा विश्वस्तांच्या खोलीत झाली. मोठं सागवानी टेबल, वर काच, काचेवर पाण्याचा जग. एका बाजूला साहेब आणि दोन विश्वस्त, टोकाला सर, समोर मी. पुस्तकातलं जे विचारलं ते मी सांगितलं, यंत्राचं विचारलं तेही सांगितलं. एक विश्वस्त माझी उत्तरं ऐकून मान डोलावत होते. मग साहेब मागं टेकले. सर्जन तयार आहे, पेशंट तयार आहे, भुलीचे डॉक्टर दुसरीकडे अडकलेत, सर्जननं सुरू करायला सांगितलं तर काय कराल?

मी सांगितलं, सुरू करणार नाही, थांबेन.

साहेब चिडले नाहीत. मला वाटलं होतं चिडतील. ते सावकाश सरांकडे वळले आणि किती वर्षांनी कोण जाणे, सरळ त्यांच्याशी बोलले, “डॉक्टर, हे तुम्ही शिकवलंत? तुम्ही शिकवलं असेल तर दोष मुलीचा नाही. मी आत्ता हिला पास करतो. फक्त हो म्हणा.”

मी निश्चिंत झाले. एक शब्द तर हवा होता. सरांच्या बोलीत ‘व्हय’. तेवढा शब्द त्या माणसानं हजार पेशंटांच्या कानात सांगितला असता. मी सरांकडे बघितलं. त्यांनी खिशातून शेंग काढली होती, ती सोलली नाही. त्यांची नजर टेबलावर गेली, काचेवरून फिरली, जगाशी थांबली, परत आली. त्या टेबलावर कोणी झोपलेलं नव्हतं. मग मला त्यांचे हात दिसले. उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर ठेवून ते स्वतःचीच नाडी बघत बसले होते.

साहेबांनी भरपूर वेळ दिला, हेही सांगायला हवं. मग ते विश्वस्तांना म्हणाले, म्हणजे ही हिची स्वतःचीच अक्कल दिसते, आणि हुकूम न पाळणारा माणूस थिएटरात चालत नाही. मला नापास केलं. मोडनिंबकराला तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, साहेब सांगतील तसं. त्याला जागा मिळाली.

मी सरांच्या समोरून खोलीबाहेर पडले. ते मागं येतील असं वाटून जिन्यात थांबलेसुद्धा. स्वतःचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नाही. आले नाहीत ते.

त्यानंतर मी बदली शिक्षिका म्हणून या शाळेतून त्या शाळेत फिरले. बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बायकांचे वर्ग सांभाळले. प्राणवायूची कृती फळ्यावर लिहिली. दुकान विकलं गेलं. इस्पितळावरून रिक्षा जायची तेव्हा मी तोंड दुसरीकडे करायची.

आणि एका दुपारी मोडनिंबकर घरी आला. दाढी वाढलेली, हातात चपला. आईनं पाणी दिलं, ते त्यानं घेतलं नाही. जमिनीकडे बघत त्यानं सगळं सांगितलं.

दुसऱ्या टेबलावर बाई होती, पोटातल्या गाठीसाठी आलेली. सर पलीकडच्या टेबलाशी, मधलं दार लावलेलं. साहेब म्हणाले सुरू कर, त्यानं सुरू केलं. एकट्यानं. ऑपरेशन व्यवस्थित झालं, साहेब चहाला गेले, सिस्टर हत्यारं उचलून धुवायला घेऊन गेल्या. त्यानं नळी काढली आणि हाक मारली, ‘शारदाबाई’. बाईनं डोळे उघडले नाहीत. त्यानं पुन्हा हाक मारली. तरी नाही. आणि तो घाबरला नाही, कारण आम्हाला शिकवलेलंच होतं, कागदावरच्या नावाला बाई उठत नाही. माहेरचं नाव हवं. ते त्यानं विचारलेलं नव्हतं. ते काम माझं असायचं, आणि मी नव्हते.

म्हणून तो नाव विचारायला बाहेर गेला. उसं सोडून.

व्हरांड्यात सासू बसली होती. सासूला आठवेना. इतकी वर्षं सूनबाई म्हणूनच हाक मारलेली. तिनं जावेला विचारलं, जावेनं सांगितलं भाऊ खाली चहाच्या गाडीवर आहे. भावाला हाका मारून वर बोलावलं. भाऊ म्हणाला, ‘हौसा’. मोडनिंबकर ते नाव घेऊन धावत आत आला. बाईची जीभ मागं पडून श्वास अडकला होता, केव्हाच.

“नाव घिऊन आलो, ताई,” तो म्हणाला, “तर बाईच न्हवती.”

साहेबांनी बाहेर येऊन नातेवाइकांना सांगितलं की हृदय कमजोर होतं. तेवढ्यात सर पहिल्या टेबलावरून मोकळे होऊन आले. स्टूल ओढलं, बाईच्या उशाशी बसले आणि तिच्या कपाळावर हात ठेवला. भाऊ दारात उभा होता, त्याच्यामागं सासू, बाजूला साहेब. आणि सर बोलायला लागले, नेहमीच्याच आवाजात, कानाशी वाकून.

“हौसा, तुझं हृदय चांगलं हुतं. सकाळी मीच बघितलं हुतं. तुला ह्या पोरानं एकल्यानं झोपवली. त्याला साहेबांनी सांगटलं हुतं. पोरगं उसं सोडून गेलं, कारन त्याच्या जोडीला दुसरं कुणी न्हवतं. जी दुसरी हुती तिला आमी घालवली. तिनं न्हाय म्हणून सांगटलं हुतं, म्हणून घालवली. ती बरोबर हुती. ती मीच शिकवली हुती.”

भावानं सगळं ऐकलं. मग जे व्हायचं ते झालं. तिचं गाव ट्रकात बसून आलं, काचा फुटल्या, दुसऱ्या थिएटराला कुलूप लागलं. भुलीचा दुसरा डॉक्टर नेमेपर्यंत ते निघालं नाही. त्या दिवसापासून त्या इस्पितळात कुठल्याही सहायकाला एकटं बसवलं गेलं नाही, हे खरं आहे आणि ते सरांमुळे झालं, हेही खरं आहे. सरांना काढायची हिंमत साहेबांना झाली नाही. निवृत्तीच्या वेळी शाल साहेबांनीच घातली. मोडनिंबकरानं ते काम सोडलं आणि गावी हमरस्त्याला बियाण्यांचं दुकान टाकलं. त्याच्यावर माझा राग नाही. थोडा आहे.

त्यानंतर सर मला एकदाच भेटले, मंगळवार पेठेत, भुसाराच्या दुकानासमोर. म्हातारे दिसले. त्यांनी सवयीनं माझ्या मनगटाकडे हात पुढं केला. मी हात मागं घेतला, पाठीशी धरला. ते तसेच उभे राहिले. मग खिशातून मूठभर शेंगा काढून त्यांनी माझ्यापुढं धरल्या. मी त्याही घेतल्या नाहीत. त्यांचे ओठ हलले, पण रस्त्यावर सगळी जागी माणसं होती.

मोडनिंबकर त्या दुपारी जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाला होता, “सरांनी तुमचं सांगटलं, ताई. तुमी बरोबर हुता म्हणून समद्यांदेखत सांगटलं.” त्याला वाटलं, मला बरं वाटेल. शोकसभेतल्या त्या विश्वस्तांनाही वाटत होतं की मी उठून काहीतरी बरं बोलेन.

हौसाला त्यातलं एक अक्षर ऐकू गेलं नाही. मी मात्र परीक्षेच्या दिवशी सरांच्या समोर, काचेच्या टेबलाच्या अलीकडे, टक्क जागी बसले होते.